परस्पर दाखल केलेला अर्ज

आमच्या साहेबांना मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी शेवटी मोठ्या मनाची निघेन अशी आशा कोणाला राहायला नको.

मी सहायक सरकारी अभियोक्ता. फौजदारी कोर्टात सरकारच्या बाजूने उभी राहणारी वकील, पण पगारी, आणि बदलीच्या भीतीने जगणारी. परीक्षा देऊन लागले, सुरुवातीची वर्षं लहानसहान तालुक्यांत काढली आणि मग एकदाचं नागपूर मिळालं. सासूबाईंचं डायलिसिस सदर भागातल्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा असायचं. त्यांना माझ्याशिवाय कोणी नेलेलं चालायचं नाही. नवरा सोबत आला की त्या वाटभर रुसून बसायच्या. त्यामुळे नागपूर टिकवणं ही माझ्यासाठी हौस नव्हती, गरज होती. आणि नागपूर ज्यांच्या मर्जीवर टिकायचं ते म्हणजे आमचे साहेब, आम्हा सगळ्या सरकारी अभियोक्त्यांचे वरिष्ठ.

साहेब कायद्यात हुशार होते, हे मान्य करायला मला त्रास होतो, पण होते. त्यांच्या केबिनमधल्या कपाटात गांधीबागेच्या कापडबाजारातून ठोक भावात आणलेल्या शालींचा गठ्ठा असायचा. मंत्री आले की एक शाल बाहेर निघायची. मधे सरकार बदललं तेव्हा नव्या मंत्र्यांना त्याच गठ्ठ्यातली पुढची शाल मिळाली. आम्ही बायका जेवणाच्या सुट्टीत त्यावरून खूप हसायचो.

त्यांची दुसरी सवय मात्र हसण्यासारखी नव्हती. ते फाईलवर काही लिहायचेच नाहीत. अडचणीची फाईल गेली की समासात पेन्सिलने एकच शब्द यायचा, 'बोला'. मग आपण केबिनमध्ये जायचं, ते तोंडी सांगायचे, आणि आपल्यासमोरच तो शब्द खोडरबराने पुसून फाईल परत द्यायचे. रबराचा चुरा फुंकर मारून आपल्या बाजूला उडवायचे. नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला ही पद्धत आठवडाभरात कळायची आणि महिनाभरात तिचं काही वाटेनासं व्हायचं.

अशीच एक फाईल होती कोतवालाची. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस, गावात दवंडी देणारा, नोटिसा वाटणारा. हा पारशिवनीकडच्या एका खेड्यातला. एका नेत्याच्या माणसांनी सरकारी कचेरीवर मोर्चा नेला, त्या दिवशी हा दारात उभा होता. 'आत तहसीलदारसाहेब नाहीत' एवढंच तो म्हणाला. मोर्चातल्या म्होरक्याने त्याच्या कानशिलात अशी लगावली की डाव्या कानाचा पडदा फाटला आणि तो कान कायमचा गेला. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र आलं, खटला माझ्या कोर्टात लागला. दरम्यान तो म्होरक्या मंत्र्यांच्या गाडीत बसायला लागला होता.

समासात 'बोला' आलं. मी गेले.

"मॅडम, हा राजकीय आंदोलनातला गुन्हा आहे. खटला मागे घ्यायचा अर्ज टाकून द्या. परवा मंत्रीसाहेब येताहेत, त्याच्या आत झालं पाहिजे."

"सर, शासनाची लेखी मंजुरी अजून आलेली नाही."

"येऊन जाईल ना! तुम्ही कशाला टेन्शन घेऊन राहिल्या? मी बसलोय ना इथे."

खटला मागे घ्यायचा तर तो निर्णय अभियोक्त्याने स्वतःच्या डोक्याने घेतलेला असावा लागतो. वरून कोणी सांगितलं म्हणून घेता येत नाही. त्यामुळे अशा अर्जात एक ठरलेलं वाक्य असतं: 'मी या प्रकरणाचा स्वतंत्रपणे विचार केला आहे.' मी जुना अर्ज उघडला, आरोपींची नावं बदलली, ते वाक्य तसंच राहू दिलं आणि खाली सही केली. विचार केला होता तो फक्त डायलिसिसच्या वारांचा.

कोर्टात न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, स्वतंत्रपणे काय विचार केलात, तेवढं सांगा." मी फाईलची पानं उलटत राहिले. मागच्या बाकावर कोतवाल बसला होता. उजव्या कानामागे तळहात धरून मी काय सांगते ते ऐकायचा प्रयत्न करत होता. मी आणखी एक पान उलटलं. अर्ज फेटाळला गेला आणि आदेशात माझ्याबद्दल दोन वाक्यं आली, जी मला आजही तोंडपाठ आहेत.

वरून खुलासा मागवला गेला. साहेबांनी तो दिला: 'संबंधित अभियोक्त्यांनी मंजुरीविना परस्पर अर्ज दाखल केला. या कार्यालयाने तशी कोणतीही सूचना दिली नव्हती.' मी तडक केबिनमध्ये गेले. तिथे आम्ही दोघंच होतो. म्हटलं, सर, हे काय लिहिलंत? त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "आता तुम्ही परस्पर अर्ज टाकला मॅडम, मी काय करू?"

ऐकायला तिसरं माणूस नव्हतं. निदान मला तरी खरं सांगायचं! डोळा मारला असता, हात जोडले असते, 'सांभाळून घ्या' म्हणाले असते, तर कदाचित मी गिळलं असतं. पण त्यांनी माझ्या तोंडावर, माझ्या एकटीसमोर, न अडखळता खोटं सांगितलं. त्या क्षणापासून मी त्यांचं वाईट चिंतायला लागले.

गोपनीय अहवालात शेरा आणि गडचिरोलीच्या पार टोकाला बदली. तीन वर्षं. पहिल्याच वर्षी सासूबाई गेल्या. नवऱ्याचा फोन आल्यावर मी निघाले, दोन बस बदलून पोचले तोवर सगळं आटोपून लोक घरी परतले होते. त्यानंतर कितीतरी दिवस मी साहेबांना मनातल्या मनात उलटतपासणीला उभं करायचे. तिथे ते नेहमी हरायचे आणि तेवढ्याने माझं भागायचं नाही.

नागपूरला परत आले तेव्हा साहेब आणखी वर चढण्याच्या बेतात होते. मुंबईतल्या मोठ्या खुर्चीसाठी त्यांचं नाव पुढे गेलं होतं. तो म्होरक्याही पक्ष बदलून नव्या मंत्र्यांजवळ पोचला होता आणि खटला तारखा घेत रखडला होता. ती खुर्ची साहेबांना मिळू द्यायची नाही, एवढं एकच मी ठरवलं. कसं ते माहीत नव्हतं.

ते मला आमच्या जावक विभागातल्या ताईंनी सांगितलं. कार्यालयातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या रजिस्टरातून जायचं. निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, तुमाले एक सांगू का? तुमी अर्ज टाकला ना, त्याच्या आदल्या दिवशी साहेबायनं मंत्र्याले पत्र धाडलं होतं. जावक नंबर मीच टाकला."

"काय होतं त्यात?"

"हेच का, 'आपल्या सूचनेप्रमाणे खटला मागे घेण्याबाबत अभियोक्त्यांना आदेश दिले आहेत.' आता काम केलं ते मंत्र्याले कळलं नाई तं उपेग काय त्याचा?"

"ताई, हे तेव्हा काहून नाही सांगितलं?" रागात माझ्या तोंडीही काहून आलं.

"मले पेन्शन घ्याची होती ना वं माय."

मला हसावं की रडावं कळेना. आमच्यासाठी खोडरबर वापरणाऱ्या माणसाला मंत्र्यांपुढे मात्र श्रेय हवं होतं. तोंडी निष्ठा मंत्री विसरतात, म्हणून त्यांनी ती लेटरहेडवर, सहीनिशी, शिक्क्यासह पाठवली होती.

मी ते पत्र मागितलं असतं तर दुसऱ्या दिवशी फाईलच गहाळ झाली असती. माहितीच्या अधिकारात ते कोतवालाकडूनच मागवावं लागणार होतं. रविवारी मी पारशिवनीची बस धरली. तो आता निवृत्त होता. त्याने मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, स्वतः उजवा कान माझ्याकडे येईल असा बसला. मी मोठ्याने सगळं सांगितलं. त्याने एक प्रश्न न विचारता अर्जावर सही केली. उत्तर द्यायला बसलेला अधिकारी नवा होता, त्याला त्या पत्राचं मोल ठाऊक नव्हतं. शिक्का मारलेली प्रत पोस्टाने कोतवालाच्या घरी आली.

दुसऱ्या रविवारी मी फुलस्केप कागद घेऊनच गेले आणि त्याच्या ओसरीवर बसून तक्रार माझ्या हाताने लिहिली. वरिष्ठाने बेकायदा आदेश दिला, मग खुलाशात खोटं सांगितलं, पुरावा सोबत. इतकं मन लावून मी परीक्षेचा पेपरही लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवलं.

"चांगलं लिवलं," तो म्हणाला. "आता अजून एक नाव टाका."

"कोणाचं?"

"तुमचं."

मला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता.

"साहेबाले तं मी कधी पाह्यलंबी नाई, मॅडम. कोर्टात उभ्या तुमी होत्या. सही तुमची होती. मी मांगं बसून पाहून राह्यलो होतो, आता बाई काही बोलन, मंग बोलन."

"अहो, हा कागद मीच मिळवून दिला ना तुम्हाला?"

"तुमी तुमच्यासाठी मिळवला. बेस केलं. पन तुमचं नाव नसन तं मी सही नाई करत."

माझा संताप झाला. इतक्या लांबून मी याच्यासाठी आले, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते खरं नव्हतं आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. क्षणभर वाटलं, कागद फाडावा आणि बस धरावी. मग साहेब मुंबईच्या खुर्चीत बसलेले डोळ्यांपुढे आले. मी पेन उघडलं आणि साहेबांच्या नावाखाली, क्रमांक दोन घालून, माझं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. त्याने सही केली.

चौकशी लागली. मुंबईच्या खुर्चीवर दुसरं कोणी गेलं. जबाबाच्या दिवशी बाहेरच्या बाकावर साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. इतक्या वर्षांत ते माझ्याजवळ पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होते.

"मॅडम, यात तुम्ही पण आहात. आपण दोघंही एकच सांगू, मंजुरीबाबत गैरसमज झाला. दोघंही सुटू. त्या कोतवालाला काय कळतं? कोणीतरी लिहून दिलंय त्याला."

त्यांच्या मांडीवर तक्रारीची प्रत होती. माझ्या हातच्या शेकडो टिपण्या त्यांनी वर्षानुवर्षं वाचल्या होत्या.

"सर, अक्षर ओळखलं नाही का?"

त्यांनी मान खाली घातली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या क्रमांकाच्या नावापाशी ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. मी त्यांना सावकाश वाचू दिलं.