किरकोळ नावाची फाईल

मूर्खपणा माझाच. आधी तो कबूल करते, मग साहेबाकडं वळते.

सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसणारी मी पहिली पोरगी. बुद्धविहारामागच्या आमच्या वस्तीत तर एकटीच. मान अशी ताठ, की शेजारणीला वाटावं लचक भरलीय. कामगारांच्या याद्या करायच्या होत्या. विणकरांची फाईल झाली, रंगाऱ्यांची झाली. उरल्या चादरीच्या दशांना, म्हणजे काठाच्या सुट्या दोऱ्यांना, गाठी मारणाऱ्या अकरा बाया. सगळ्या आमच्या वस्तीतल्या. त्यात माझी आई.

मी विचारलं, ह्या फाईलला नाव काय देऊ?

साहेबानं मान वर केली नाही. "ती माणसं किरकोळ. तेच नाव टाक."

कारकून हसले. मीही हसले. आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, किरकोळ. स्पेलिंग जमलं म्हणून खूश. अशी मी शहाणी.

महिनाभर ते नाव पडद्यावर नुसतं बसून होतं.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. बसवायला आलेल्या माणसानं जुन्या फाइली चाळल्या. ही उघडलीसुद्धा नाही. नाव वाचलं, पुसली. त्याचं काय चुकलं? नावच सांगत होतं, आत कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकावर नवी छापील यादी. वॉचमन नावं वाचत गेला, माणसं आत येत गेली. यादी संपली. अकरा बाया बाहेर. उन्हात. आई गजांतून माझ्या खिडकीकडं बघत होती. दुपार झाली तरी बघतच होती.

साहेब म्हणाला, पुन्हा टाक त्यांना, त्याच नावानं. मी कीबोर्डवरून हात काढले.

"त्या नावानं नाही टाकणार."

"नावानं काय फरक पडतो गं?"

"मग तुमची फाईल त्या नावानं ठेवते."

या वेळी कोणी हसलं नाही. नोकरी जाणार, हे मला दिसत होतं. तरी टाइप केलं, गाठीकाम. खाली अकरा नावं, पूर्ण. आईचं पहिलं.

आता नात पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. कशालाही 'इतर' म्हणून मोकळी होते. मी विचारते, आत कोण आहे ते सांग, मग नाव ठेव. आजी डोकं खाते, म्हणते. खाणारच. मरेपर्यंत खाणार.

त्या संध्याकाळी सगळं सांगून शाबासकी घ्यायला मी आईजवळ जाऊन बसले होते. ती भाकरी थापत राहिली. तव्यावरची उलटली, मग म्हणाली,

"साहेब नुसता बोलला. लिवलंस तू. तुजं बोट हुतं ते, इसरू नगंस."