चारही चाकं धरली पाहिजेत

गॅरेजवाल्यांना किस्से शोधत फिरावं लागत नाही. भंगाराच्या पिंपात झिजलेले ब्रेक-पॅड साचतात, तसे ते आपोआप साचतात. पिंप निदान भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोण नेणार?

गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या तुये इंडस्ट्रियल इस्टेटीच्या मागल्या रस्त्यावर आमचं गॅरेज. नवरा मनोहर गाडीच्या पोटाखाली, मी पुढे स्पेअर पार्टच्या काउंटरवर. अख्खं पेडणं मला वैनी म्हणतं आणि अख्ख्या पेडण्यावर मी ओरडते. का ओरडू नको? माणूस गाडी घेऊन येतो, पिकअप विचारतो, मायलेज विचारतो, सिलेन्सरचा आवाज कसा येतो ते विचारतो. ब्रेकचं कोणी विचारत नाही. ते गाडीबरोबर फुकटात आलेले असतात ना!

*

बाजारातले एक कापडवाले. नाव सांगत नाही, अजून गिऱ्हाईक आहेत. त्यांचे ब्रेक चीं चीं करायला लागले. देवळासमोर गाडी थांबवली की लोक माना वळवून बघायचे. याची त्यांना भारी लाज वाटली.

मग या सद्गृहस्थांनी काय करावं? स्वयंपाकघरातली खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि पुढच्या दोन्ही डिस्कवर मनसोक्त ओतली! दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी त्यांच्याच गेटातून आरपार रस्त्यावर.

नाकाला पट्टी लावून माझ्या काउंटरसमोर उभे. मी म्हटलं, "अहो, हे काय करून बसलात?"

ते म्हणाले, "पण वैनी, आवाज गेलो मगो!"

मी हसून हसून खुर्चीत बसले. मनोहर हसला नाही. ब्रेकच्या बाबतीत तो हसतच नाही.

*

शववाहिनीचा ड्रायव्हर तर त्याहून वरचढ. सकाळी गाडी लावून म्हणतो, "मनोहर, ब्रेक सैल लागतात रे. पण सावकाश कर. आतलो कोण तक्रार करिना!"

मनोहरने हातातली तीन कामं बाजूला टाकली आणि पहिली ती गाडी घेतली. ड्रायव्हर म्हणाला, "अरे, घाई ना म्हटलं मरे."

मनोहर चाक खोलता खोलता म्हणाला, "आतल्यासाठी करत नाही. समोरून येणाऱ्यासाठी करतोय."

*

आता नीलेश. इस्टेटीतल्या एका कारखान्यात कामाला. जुनी छोटी गाडी घेतली, तिच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. एक दिवस उड्या मारत आला, "वैनी, ट्रॅक डे बुक केला!" कोल्हापूरकडे कुठेतरी ट्रॅक आहे. तिथे पैसे भरून आपली गाडी दिवसभर हवी तशी पळवायची. समोरून ट्रक नाही, म्हैस नाही, पोलीस नाही.

यादी तोंडपाठ होती त्याची. सिलेन्सर, स्टिकर, सीट. मनोहरने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "थांबवणार कशी?"

"दादा, थंय पळवूक वचपाचें, थांबवूक न्हय!"

"सरळ रस्त्यावर शेंबडं पोरही पळवतं. वळण आलं की काय करशील? हॉर्न मारशील?"

चाक काढलं तर पॅड निघाले पापडासारखे. मनोहरने ते त्याच्या हातात ठेवले आणि एवढंच म्हणाला, "आमोण्याला घरी घेऊन जा. बाबांना दाखव."

नीलेशचा चेहरा उतरला. स्टिकरचं नाव त्यानंतर त्याने काढलं नाही.

*

का उतरला, ते सांगायला हवं. नीलेशला थोरला भाऊ होता, दामू. मनोहरचा वर्गमित्र, दोघांचं एकमेकांशिवाय पान हलायचं नाही. वडील पुंडलिककाका, त्यांचा स्वतःचा टिपर. खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. खाणीवर माल भरायचा, नदीच्या धक्क्यावर खाली करायचा, तिथून बार्जने तो मुरगाव बंदरात. ट्रिपांवर कमाई, त्यामुळे गाडी एक दिवस उभी करायची म्हटलं की जिवावर यायचं.

एखाद्या चाकाचा ब्रेक गळायला लागला, तर टिपरवाल्यांची एक युक्ती होती. त्या चाकाला जाणारा पाईपच बंद करून टाकायचा! ऑइल गळत नाही, बाकीची चाकं धरतात, गाडी चालू. रिपेरी उद्या. सगळेच करायचे. पुंडलिककाकांनीही केलं.

दुसऱ्या दिवशी काकांना ताप भरला आणि टिपर दामूने नेला. पाईप बंद आहे हे काका त्याला सांगायचे विसरले. धक्क्याच्या उतारावर दामूने ब्रेक मारला, भरलेली गाडी एका अंगाला ओढली गेली. थांबली नाही. दामू गेला.

पोलिसाने काकांना विचारलं, "ब्रेक फेल?" शेजारी उभा असलेला एक टिपरवाला कानात म्हणाला, "हय म्हण, सुटतलो."

काका म्हणाले, "फेल जावंक ना. हांवेंच बंद केल्लो."

त्या दिवसापासून काका स्टिअरिंगला शिवले नाहीत. कुणाच्या गाडीत बसतही नाहीत. बस, नाहीतर पाय. आणि आमच्याकडे कोणी "मनोहर, एवढा पाईप बंद करून दे, उद्या बघू" म्हणत आला, की मनोहर हा किस्सा सांगतो. माणूस गाडी सोडून रिक्षाने घरी जातो.

*

नीलेशच्या गाडीला नवे पॅड आले, नव्या डिस्क आल्या, चारही चाकांचे पाईप नवे घातले. ब्रेक ऑइल मात्र नीलेशने स्वतः आणलं. मित्राकडून, खास रेसवालं, अर्धी बाटली!

आमचा फिटर संभाजी गडहिंग्लजचा. त्याने बाटलीचं झाकण बघितलं. "वैनी, ही फोडलेली हाय. उघडी राहिली की हवेतलं पानी वडतंय हे. ट्रॅकवर ब्रेक तापलं की पानी उकळतंय, आन् पायाखाली पेडल पार तळाला जातंय. मग देवाचं नाव घ्यायचं."

मी ती बाटली उचलून फेकली आणि काउंटरवरून सीलबंद दिली.

संभाजी जाता जाता म्हणाला, "पर वैनी, गोव्यात फोडलेली बाटली अर्धी शिल्लक राहिलीच कशी?"

मग ब्रेकच्या पाईपांतली हवा काढायला बसले. नीलेश आत पेडलवर, संभाजी चाकाशी. "दाब! धर! सोड!" संध्याकाळपर्यंत इस्टेटीतले येणारे-जाणारेही ते ओरडायला लागले. कँटीनवाल्याने मला चहाचा ग्लास दिला आणि म्हणाला, "वैनी, धर! सोडू नको!" तेवढंच काय ते हसलो आम्ही त्या आठवड्यात.

*

नीलेशने घरी काही सांगितलं नव्हतं. पण बातमीला काही बसची वाट बघावी लागत नाही. रविवारी दुपारी पुंडलिककाका दोन बसा बदलून आमच्या दारात हजर. हातात छत्री, पांढरा सदरा, घामाने भिजलेला.

मी चहा दिला, सकाळी पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, टाकलेला उंडो पाव दिला. चहा घेतला, उंडो तसाच. नीलेश बोलतच सुटला, "बाबा, हेल्मेट आसा, बेल्ट आसा, थंय ॲम्ब्युलन्स सुद्धा..." ॲम्ब्युलन्स म्हटल्यावर त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली असेल.

काका उठले. गाडी स्टँडवर उचललेली होती. पांढऱ्या सदऱ्यानिशी ते तिच्याखाली आडवे झाले! संभाजी धावला, मनोहरने त्याचा दंड धरला. काका बोटांनी एकेक पाईप चाचपत होते, वरून खाली, चाकापर्यंत. मग पुढच्या चाकाकडे सरकायचे.

बाहेर आले तेव्हा पाठ काळी झाली होती. म्हणाले, "चारूय पाईप उकते आसात. एकूय बंद ना."

नीलेशने मान हलवली.

"थांबता काय ती हांव बघतलों. थांबली जाल्यार ट्रॅकार वच. ना जाल्यार ना."

मला रडू आवरेना. मी आत जाऊन उगाच नटबोल्टचे डबे आपटत बसले.

*

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. गाडी वेगात न्यायची, जोरात ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. रविवारी मागला रस्ता ओसाड असतो. संभाजी वळणावर उभा राहिला, कोणी सायकलवाला आला तर अडवायला. मनोहरने जिथे ब्रेक मारायचा तिथे कडेला लाल बाल्दी ठेवली. काका काजूच्या झाडाखाली छत्री उघडून उभे.

नीलेशने फेऱ्या मारल्या. पॅड जळल्याचा वास सुटला. तो वास यायलाच हवा असतो, पण काकांनी नाकाला रुमाल लावला आणि बराच वेळ काढला नाही. मनोहरने हात वर करून ओरडून सांगितलं, "आता शेवटचा! पूर्ण थांबव!"

नीलेश टोकाला जाऊन वळला. इंजिन गरजलं.

तेवढ्यात काकांनी छत्री मिटली, झाडाला टेकवून ठेवली आणि चालत चालत रस्त्याच्या मधोमध गेले. बाल्दीच्या पुढे, गाडी येणार त्याच वाटेवर. तोंड गाडीकडे. उभे राहिले.

"काका!" मी किंचाळले. "अहो काका, बाजूला व्हा!" मनोहर धावला. काकांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला, तिथेच थांब म्हणून. आणि गाडी तर बाल्दीपाशी आलीच होती.

टायर किंचाळले. मी डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा गाडी रस्त्यात सरळ उभी होती, जराही वाकडी नाही. गाडी आणि काका यांच्यामध्ये एक अख्खा टिपर मावला असता. काकांचेही डोळे मिटलेले होते. त्यांनी ते उघडले, मधलं अंतर बघितलं, हळूहळू चालत गाडीपाशी गेले. बॉनेटवर हात ठेवला, तो तसाच सरकवत खिडकीपर्यंत आले आणि आत वाकले.

"थांबली रे, दामू," ते म्हणाले.

नीलेशचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते.

"हय बाबा," तो म्हणाला. "थांबली."