निऑनच्या खाली लोखंड

मी तापट आहे असं माझ्या जुन्या विद्यार्थिनी अजूनही सांगतात आणि त्यात काही खोटं नाही. वह्या तपासताना कोणी मध्ये आलं की माझं डोकं फिरायचं. ऐंशीच्या दशकातल्या एका संध्याकाळी ते असंच फिरलं आणि ते भोवलं मात्र दुसऱ्याला.

तेव्हा मी अमळनेरच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. दोन वर्षं झाली तरी तात्पुरतीच होते. जळगावहून तपासणीला साहेब येणार होते. ते माझा एक तास बघणार आणि त्यांच्या शेऱ्यावरून मला कायम करायचं की नारळ द्यायचा हे संस्था ठरवणार. दोंडाईच्याला आई होती, शिकणाऱ्या दोन बहिणी होत्या. वडील नव्हते. चूल माझ्या पगारावर पेटत होती, त्यामुळे आठवडाभर मला धड झोप नव्हती.

तासाला मी आवर्तसारणी घेणार होते. त्यासाठी संस्थेच्या अध्यक्षांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ एक मोठा रंगीत तक्ता द्यायचं कबूल केलं. आमच्या शाळेत नावाशिवाय वस्तू नव्हती. पाण्याच्या टाकीवर नाव, घड्याळावर नाव, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नाव. पंखा सुरू झाला की दाता वर गरगर फिरायचा. तक्त्याचं काम गावातल्या म्हाताऱ्या पेंटरकडे गेलं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. सगळे त्यांना आबा म्हणायचे. मी पुस्तकातलं पान काढून त्यांना दिलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी आबा पान घेऊन माझ्या खोलीवर आले. समोर वह्यांचा ढीग होता. ते दारातूनच म्हणाले, "मॅडम, नाव लिखाले जागा कमी पडस. ह्या मझारन्या रिकाम्या जागा काढी टाकू का?"

मधल्या म्हणजे कुठल्या, हे बघायला मी मान वर केली नाही. म्हणाले, "आबा, एकही चौकट गाळू नका, म्हणजे झालं. बाकी तुमचं तुम्ही बघा."

ते "बरं" म्हणून गेले.

तपासणीच्या दिवशी सकाळी तक्ता वर्गात लागला. अध्यक्षांनी स्वतः त्याला हार घातला. अक्षर सुरेख होतं, रंग झळकत होते. वर उजवीकडे अध्यक्षांच्या वडिलांचं नाव हातभर अक्षरांत होतं. ते बसवण्यासाठी आबांनी वरच्या ओळींतल्या सगळ्या चौकटी डावीकडे सरकवून एकमेकींना चिकटवल्या होत्या.

आवर्तसारणीत मूलद्रव्यं अणुअंकाच्या क्रमाने येतात, पण नुसत्या क्रमाने नाही. काही मूलद्रव्यांनंतर पहिला स्वभाव पुन्हा दिसू लागतो. तिथे ओळ तोडून नवी ओळ धरायची, म्हणजे सारख्या स्वभावाची माणसं एकाखाली एक येतात. सोडियमखाली पोटॅशियम, क्लोरीनखाली ब्रोमीन. वरच्या ओळींत मूलद्रव्यं थोडी, खालच्यांत जास्त. म्हणून वरच्यांना आपल्या घराण्याच्या डोक्यावर बसवायचं तर मधली जागा रिकामीच ठेवावी लागते. तक्त्याचा सगळा अर्थ त्या रिकाम्या जागेत आहे. आबांनी नेमकी तीच काढून टाकली होती आणि परवानगी मी दिली होती.

मी मुख्याध्यापकांना गाठलं. ते म्हणाले, "अध्यक्ष समोर बसलेत. आज तोंड उघडू नका, वेळ मारून न्या."

मग मी चलाखी केली. डावीकडचे पहिले दोन उभे गण जवळजवळ बरोबर होते. त्यांच्यातच तास संपवायचा. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. पाण्याशी कोण किती भांडतं ते सांगितलं. छडी मी डाव्या कडेपासून हलू दिली नाही. मागच्या बाकावर साहेब, त्यांच्या शेजारी अध्यक्ष. तक्त्याचा खिळा ढिला होता, म्हणून आबा हातोडी घेऊन दाराशीच थांबले होते. दहा मिनिटं उरली. मग पाच.

साहेब उठले आणि त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला पुढे बोलावलं. "निऑनवर बोट ठेव. खाली कोण?"

"अरगॉन, सर."

"त्याच्या खाली?"

ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. क्रिप्टॉन तिला तोंडपाठ होतं, मीच पाठ करून घेतलं होतं. पण बोटाखाली दुसरंच होतं.

"लोखंड," ती पुटपुटली.

"निऑन कसा असतो?"

"निष्क्रिय, सर. कोणाशीच संयोग पावत नाही."

"आणि लोखंड?"

"गंजतं, सर."

मुली हसल्या. तिचे डोळे भरून आले. साहेब तिला सोडून माझ्याकडे वळले. "हा तक्ता कोणी केला?"

मुख्याध्यापक घाईने म्हणाले, "पेंटरने, सर. अडाणी माणूस. मॅडमनी पान अगदी बरोबर दिलं होतं."

"तुम्ही तपासला नाहीत?"

"आज सकाळीच लागला, सर," मी म्हणाले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण माझ्या आयुष्यात मी इतकं खोटं कधी बोलले नाही. अध्यक्ष दाराकडे बघून ओरडले, "आबा, डोळे फुटले होते का तुमचे?" सगळा वर्ग मागे वळला. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी खडू उचलला आणि फळ्यावर बरोबर सारणी काढायला लागले. त्यांनी मान खाली घातली.

'प्रसंगावधान चांगले,' असा शेरा साहेबांनी माझ्या नावापुढे लिहिला. महिन्याभरात मी कायम झाले. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. माझ्या हातातला पेढा मी तसाच बहिणीला दिला.

तपासणीनंतरच्या रविवारी आबा तक्ता पुन्हा रंगवायला आले. शाळेत आम्ही दोघंच. मी पुस्तक धरून शेजारी उभी राहिले. एकेक चौकट कुठे येणार ते दाखवत होते, माफीचे शब्द ओठांवर येऊन परत जात होते. दुपारी ओळी पुऱ्या झाल्या. आबांनी ब्रश पुसला आणि तक्त्याकडे बघतच म्हणाले, "तुम्हीज सांगेल व्हतं ना मॅडम, एक बी चौकट गाळू नका. मी एक बी गाळी नव्हती. बठ्ठ्या व्हत्या."

"होय आबा, सगळ्या होत्या," मी म्हणाले.

त्यांनी निळा रंग ढवळला. "आते नाव कोठे लिखू?"

मी बोट ठेवलं. वरच्या ओळींच्या मधली ती रिकामी जागा. दात्याचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ', तारीख, सगळं तिथे मावलं आणि वर बोटभर जागा उरली. त्या संध्याकाळी मी नुसती मान वर करून पान बघितलं असतं तरी ती मला दिसली असती.