हद्दीवरची शेड

आज लाकडाच्या रंगाचा डबा उघडला आणि त्या उग्र वासासरशी मी २००६च्या उन्हाळ्यात, जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या याच परसात जाऊन पोचले.

नवऱ्याने हौसेने एक कॅराव्हॅन घेतली होती, त्याच्याहूनही वयाने मोठी. शेजारच्या क्राउझने बाउआम्टकडे, म्हणजे बांधकाम खात्याकडे, लेखी तक्रार केली, की या लोकांनी गल्लीत भटक्यांचा तळ केलाय. गाडी झाका, असं आम्हाला पत्र आलं.

मी नियम शब्दन् शब्द वाचले. सासरे पुण्याहून आले होते. जन्मभर ओव्हरसियरकी केलेला माणूस. ओळंबा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सूनबाई, हद्दीवर शेड बांधली तर किती उंची चालते?"

"तीन मीटर, अप्पा."

"गाडीला अडीच पुरतील की."

"तीनच करू या."

त्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं. क्राउझ रोजच्यासारखा उन्हात कॉफी पीत बसला होता. "मग एक सूतही कमी नको," अप्पा म्हणाले.

फळ्या चढत गेल्या, तशी सावली कुंपण ओलांडून त्याच्या टेबलावर सरकली. शेवटी तो टेप घेऊन आला. त्याने दोनदा मोजलं.

"गेनाऊ तीन," बरोब्बर तीन, तो पुटपुटला.

"गेनाऊ," मी म्हटलं.

तेव्हा वाटलं होतं, वर्षा-दोन वर्षांत माझा राग ओसरेल. आता अप्पा नाहीत. कॅराव्हॅन विकूनही दहा वर्षं झाली. रिकामी शेड पाडून टाकू, असं नवरा दर उन्हाळ्यात म्हणतो.

पण क्राउझ अजून आहे. मी ब्रश रंगात बुडवला.