कानसेनची शिट्टी

ज्याला गळा नाही त्याने निदान कानसेन व्हावं, असं म्हणतात. वायरलेस सेटच्या कारखान्यातल्या या माणसाला मात्र ती पदवी गाण्यामुळे मिळाली नाही, खरखरीमुळे मिळाली. सेट टेबलावर आला की हा डोळे मिटायचा, प्लास्टिकचा बारीक स्क्रू ड्रायव्हर कॉइलच्या पोटात घालायचा आणि केसभर फिरवायचा. खरखर बसली की जुळणी हलू नये म्हणून वरून मेणाचा एक थेंब. झालं काम. मीटर नंतर बघायचा, तेही साहेबांच्या समाधानासाठी.

सेट जुळला की बाकीचे माइकमध्ये “हॅलो, एक दोन तीन” म्हणायचे. कानसेन शिट्टी वाजवायचा. लांब, सरळ, आखून काढलेल्या रेघेसारखी.

“हॅलोचं काय घेऊन बसलात? फाटका सेटही हॅलो म्हणतो. शिट्टी सरळ गेली तरच सेट सरळ.”

एकतीस वर्षं असंच चाललं. टॅक्सीचा सेट वेगळा, अँब्युलन्सचा वेगळा, बोटीचा त्याहून वेगळा. एकाचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही तसं. प्रत्येकाची कॉइल निराळी, आणि प्रत्येक कॉइलची नाडी याच्या बोटांत.

याच वर्षांत मध्येच कधीतरी सॉफ्टवेअरवाला रेडिओ आला. आला तेव्हा तो चांगला माणसाएवढा उंच होता. कोपऱ्यात उभा असायचा आणि त्याच्या पंख्याची घरघर जिन्यापर्यंत ऐकू यायची. सगळे त्याला ‘कपाट’ म्हणायचे. कपाटाला थंड हवेची खोली आणि कानसेनला खिडकीजवळचा उकाडा, ही व्यवस्था बरीच वर्षं टिकली. कपाट कुणी विकत घेत नव्हतं, त्यामुळे कानसेनलाही त्याचा राग नव्हता. पण बघता बघता कपाटाचा पेटारा झाला, पेटाऱ्याची पेटी झाली, आणि एके दिवशी पेटीची तळहातावर मावणारी डबी झाली. आत कॉइलचा पत्ताच नाही. हवेतून आलेला आवाज आकड्यांत मोडायचा, आणि पुढची सगळी चाळणी, निवडणी, जुळणी प्रोग्रामने करायची. आज टॅक्सीचा प्रोग्राम घाला, डबी टॅक्सीची. उद्या अँब्युलन्सचा घाला, तीच डबी अँब्युलन्सची.

“मग मेण कुठे लावायचं?” कानसेनने विचारलं.

सगळे पोट धरून हसले. त्याने खरंच विचारलं होतं.

आधी टॅक्सीवाले डबीकडे वळले. चॅनेल बदलायला गाड्या रांगेत उभ्या कराव्या लागत नव्हत्या. मग अँब्युलन्सवाले गेले. कानसेनच्या टेबलावर आता फक्त बंदरातल्या टगबोटींचे सेट यायचे. मोठ्या जहाजांना ढकलत, ओढत धक्क्याला लावणाऱ्या त्या बुटक्या दांडग्या बोटी. गुरुवारी बंदरात डबीची चाचणी होती. ती पास झाली की टगबोटीही जाणार, आणि सोमवारी टेबल उचलून तिथे पॅकिंगचं मशीन येणार. साहेबांनी तसं सांगूनच ठेवलं होतं.

आणि डबीचा प्रोग्राम लिहिला होता कुणी? त्याच्या सख्ख्या सुनेने.

“काय कानसेन,” पॅकिंगवाली बाई टोचायची, “सूनबाईंनी तुमच्या पुढचं ताटच ओढलं की हो!”

“ओढू दे. घरी वाढते तीच,” तो म्हणायचा. पण त्या दिवशी डबा अर्धा तसाच घरी जायचा.

मंगळवारी संध्याकाळी सूनबाई दोन डब्या घरी घेऊन आली. एक सासऱ्याच्या हातात दिली आणि दुसरी घेऊन गल्लीच्या टोकाला बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. कानसेन स्वयंपाकघरात होता. ओट्यावर कुकर, कुकरसमोर बायको. त्याने सवयीने बटण दाबलं आणि लांब शिट्टी वाजवली.

“बंद करा ती शिट्टी!” बायको कडाडली. “माझ्या कुकरची मोजणी चुकते!”

पाच मिनिटांत सूनबाई जिना चढून आली ती हसतच. “आई, तुमचा शब्द न् शब्द ऐकू आला! पण कसली हो शिट्टी? मला तर काहीच आली नाही. कुकरसुद्धा नाही! बाबा, बघा, गोंगाट कसा साफ केलाय!”

कानसेनने डबी ओट्यावर उपडी ठेवली. ही डबी बंदरात चालणार नव्हती.

कारण टगबोटीवर कुणी बोलत नाही. इंजिनाच्या धडधडीत बोललेलं समजत नाही आणि कप्तानाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. माइक तोंडासमोर टांगलेला, बटण पायाखाली, गळ्यातली शिट्टी दातांत. जहाजावर उभं राहून वाट दाखवणाऱ्या पायलटने हुकूम दिला की एक लांब शिट्टी म्हणजे समजलं. दोन म्हणजे थांबा. हे कुठल्या कागदात लिहिलेलं नाही. सूनबाई बंदरात दोन दिवस जाऊन आली होती खरी, पण कप्तानांना तिथल्या ऑफिसात खुर्च्यांवर बसवून बोलायला लावलं होतं. तेही बिचारे पाहुणीसमोर सोयरीक जमवायला आल्यासारखे गोड गोड बोलले होते.

बुधवारी सकाळपासून कानसेनने मिठाची गुळणी धरली. आपण काही बिघडवलेलं नाही, तो मनाशी म्हणाला, फक्त बोलायचं नाही. उद्या डबी नापास होईल, टेबल राहील. त्याने टेबल पुसलं. मग परत पुसलं.

पण टेबलावर शेवटचा जुना टग-सेट पडला होता, आणि तो बघून त्याला धक्क्याचा तुटका कोपरा आठवला. कितीतरी वर्षांपूर्वी एका सेटची जुळणी घसरली होती. दोन शिट्ट्या वाजल्या, पोचली एकच. पायलटला वाटलं, समजलं म्हणतोय. माणूस कुणी गेला नाही, पण जहाजाने कोपरा खाल्ला तो खाल्लाच. तो सेट याच टेबलावरून गेला होता.

चार वाजता तो उठला आणि सूनबाई बसायची त्या थंड हवेच्या खोलीत शिरला.

“सूनबाई, तुझी डबी बहिरी आहे.”

“काय?”

त्याने एक डबी तिच्या हातात दिली, दुसरी घेऊन बाहेर गेला, दार ओढलं आणि फुंकलं. तिच्या हातातून फक्त ‘टिक’ आलं. शिट्टीचं तोंड तेवढं. पुढे सगळं गप्प.

तो आत आला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “बाबा, हे मीच घातलंय. बोलणं वरखाली होतं, म्हणून ते ठेवायचं. एकसुरी सरळ आवाज आला की तो उपद्रव समजून प्रोग्राम खुडून टाकतो.”

“म्हणजे एकतीस वर्षं आम्ही सरळ वागलो, तो उपद्रवच म्हणायचा.”

तिला हसू आलं नाही. त्याने टगबोटीच्या शिट्ट्यांचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “तुम्हाला हे कळलं कधी?”

“काल.”

“काल? आणि आज संध्याकाळ व्हायला आल्यावर सांगताय?”

त्याने कान खाजवला. “टेबल आडवं आलं, पोरी.”

तिने कीबोर्ड पुढे ओढला. “टेबल काढायचं हे मला तुमच्या आधी, महिन्यापूर्वीच कळलं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.”

“फिट्टंफाट मग,” कानसेन म्हणाला. “चल, कर दुरुस्त.”

ती टाइप करायची, तो फुंकायचा. इंजिनाची गुरगुर जायला हवी आणि शिट्टी राहायला हवी. एक पकडावं तर दुसरं निसटायचं. “आता फाटतेय.” “आता शेवट तुटतोय.” “आता जरा बरी.” कारखाना सुटेपर्यंत त्याचे ओठ सोलवटले होते. पॅकिंगवाली जाता जाता दारातून डोकावली आणि कपाळाला हात लावून गेली.

गुरुवारी कप्तानाने दोन शिट्ट्या वाजवल्या. जहाजावरून पायलटचा आवाज आला, “दोन ऐकल्या. थांबलो.” डबी पास झाली.

सोमवारी टेबल गेलं. दोघांनी उचललं तेव्हा खालच्या फळीवर एकतीस वर्षांच्या मेणाचं टेंगूळ निघालं. कानसेनने ते नखाने खरवडून खिशात टाकलं. साहेबांनी त्याला चाचणीच्या खोलीत खुर्ची दिली. प्रोग्राम बदलला की ऐकून सांगायचं. “सहा महिने तरी,” साहेब म्हणाले, “पुढचं पुढे बघू.” डबीच्या पडद्यावरच्या यादीत एक नवी ओळ आली होती : शिट्टी राखा.

पुढचा प्रोग्राम सूनबाईने पुन्हा घरी आणला. ती बसस्टॉपवर, तो ओट्याजवळ, कुकर गॅसवर. त्याने परत परत फुंकलं. बायकोने लाटणं उगारलं. तेवढ्यात डबी बोलली :

“बाबा, पाच ऐकल्या. त्यातल्या तुमच्या किती आणि कुकरच्या किती?”

“तीन माझ्या.”

“म्हणजे दोनच झाल्या!” बायको ओरडली आणि गॅसच्या बटणावरचा हात मागे घेतला. “तरी म्हटलं, इतक्यात तीन कशा झाल्या! विचारा तिला, तिसरी कधी होते ते सांगेल का तिथून?”