सासूबाईंचं सोवळं घोंगडं

माझं माहेर सांगलीचं आणि सासर कोरेगावजवळच्या खेड्यातलं. लग्न झालं तेव्हा साठचं दशक निम्मं सरलं होतं. नवरा रजा संपवून पलटणीत गेला आणि घरात उरलो मी नि सासूबाई. पंधरा दिवसांत मला धाप लागायला लागली. छातीत फाटक्या भात्यासारखा आवाज. मी जात्याच तोंडाळ, पण भांडायलासुद्धा आधी श्वास लागतो हो.

त्यात माहेरी गेले की मी ठणठणीत. सासूबाईंनी त्याचा अर्थ लावला नि गावभर सांगितला. "कामाचा कंटाळा. निस्तं ढोंग हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवऱ्यालाही हेच पटलं तर, ही भीती वेगळीच.

बाई मनानं वाईट नव्हत्या. ढोंगी म्हणायच्या, नि वर घोंगडंही घालायच्या. ते त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं, देवाच्या जागरापासून खळ्यापर्यंत सगळीकडे अंथरलेलं. घोंगडं सोवळं, त्याला विटाळ नाही, म्हणून त्याला जन्मात पाणी लागलं नव्हतं. धाप वाढली की त्या ते माझ्या गळ्यापर्यंत ओढायच्या. ओढलं की धाप आणखी वाढायची.

शेवटी माझं ढोंग उघडं पाडायला त्यांनी मला मिरजेच्या एका डॉक्टरांकडे नेलं. गाडीत वारं लागेल म्हणून घोंगड्यात गुंडाळूनच.

"पांघरायला हेच का?" डॉक्टरांनी विचारलं. "धूळ आहे यात."

सासूबाईंचा पारा चढला. "आवं, सोवळं हाय ते. बघा की." असं म्हणत त्यांनी तिथंच घोंगडं फडाफडा झटकलं. खोलीभर धुरळा. डॉक्टर शिंकत सुटले, आणि माझा श्वास असा अडकला की सुई टोचावी लागली.

मी सावरल्यावर डॉक्टरांनी समजावलं, "ही धूळ तुम्हाला-मला फार तर शिंक आणते. हिच्या शरीराला ती वैरी वाटते. श्वासनळी आतून सुजते, आवळते, कफ साचतो. हवेला वाटच राहत नाही."

"एवढ्याशा धुळीला एवढं भ्यायचं व्हय?"

"ती नाही भीत, आजी. तिची नळी भिते."

सासूबाई माझ्या निळसर ओठांकडे बघत राहिल्या.

परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः घोंगडं घेऊन डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारच्या बाईनं विचारलं, "भांडलासा काय सुनेशी?"

"न्हाई वं," सासूबाई म्हणाल्या, डबाभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "सून आजारी हाय माजी. खरंच आजारी हाय. मीच इतकं दिस ढोंग म्हनत हुते."

सगळा डबा माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे तोंड केलं आणि पोटभर रडले.