साधं पॅनेलही पुसायला हवं

मी कॉलेजात मराठी शिकवतो. सौरऊर्जेशी माझा संबंध नागपूरचं ऊन सोसण्यापुरता. तरी डबा खायला मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेत जातो, ते तिथल्या मदतनिसांमुळे. सक्करदऱ्याच्या विणकर घरातले हे गृहस्थ बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं कापड चिमटीत धरून पाहतात.

सोलर पॅनेलच्या काचेवरचा स्वस्त खडबडीत थर त्यांनीच बनवला, जाड्याभरड्या कापडाचा ठसा पारदर्शक रेझिनमध्ये उमटवून. "गुळगुळीत काचेवरून ऊन घसरून जाते जी. खरखरीत असलं का अडकते," ते सांगतात. विभागप्रमुखांना एवढ्याचसाठी चाळीस स्लाइड लागतात.

अनुदान ठरवणारे पाहुणे आले, तेव्हा गच्चीवर दोन पॅनेल मांडली होती. एक थर लावलेलं, एक साधं. मीटरवरचा फरक पाहून टाळ्या पडल्या. तेवढ्यात हे मदतनीस पुढे झाले.

"थांबा सर. आपलं सकाळीच धुतलं, याच्यावर धूळ तशीच हाय. याले बी पुसू द्या, मंग पाहा."

खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी साधं पॅनेल लख्ख पुसलं. फरक निम्मा झाला. प्रमुखांचा चेहरा त्याहून उतरला. पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले.

डबा उघडताना मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"काहून? पुसल्यावर बी आपलंच पुढं राहिलं ना जी." एवढं बोलून त्यांनी माझ्या नव्या खादीच्या कुर्त्याची बाही चिमटीत धरली. "हे मात्र खादी नाही. फसवलं तुम्हाले."